दहा सेशन्स झाली, काहीच फरक नाही, थांबू का?

गेल्या अंकात डिप्रेशनवर लिहिताना टीएमएस म्हणजे मेंदूवरच्या चुंबकाच्या उपचाराचा ओझरता उल्लेख केला होता, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळी फक्त तेवढंच घेतेय.

प्रश्न: मिस्टरांना दोन वर्षांपासून डिप्रेशन आहे, तीन वेगवेगळ्या गोळ्या झाल्या, थोडं बरं वाटतं की परत तेच. आता डॉक्टर टीएमएस करा म्हणतात. सासूबाई म्हणतात हा शॉकच आहे, डोक्याला करंट देतात, माणूस कामातून जातो. खरंच का?

ताई, नाही, हा शॉक नाही. शॉक म्हणजे ईसीटी, त्यात भूल देतात आणि करंट देऊन मेंदूत मुद्दाम फिट आणतात, आणि त्यानंतर काही काळ विसरायला होतं. टीएमएसमध्ये भूल नाही, फिट आणायची नाही, मिस्टर खुर्चीत जागे बसलेले असतील आणि संपल्यावर स्वतः उठून घरी येतील. डोक्याला टेकवून एक कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं ठेवतात, बहुतेक वेळा इंग्रजी आठच्या आकाराची. त्या कॉइलमधून अगदी क्षणभर करंट सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून आरपार जातं आणि आतल्या पेशींमध्ये अगदी छोटा विद्युतप्रवाह उठवतं. फॅरेडेने 1831 मध्ये जो नियम दाखवला तोच हा, आपण शाळेत शिकलो तो. 1985 मध्ये इंग्लंडात शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी कॉइल माणसाच्या डोक्यावर धरली आणि त्याचा हात आपोआप हलला, तिथून हे सगळं सुरू झालं.

पहिल्या दिवशी मिस्टरांच्या बाबतीतही तेच करतील, अंगठा फडफडायला किती जोर लागतो ते बघतील आणि त्यावरून त्यांचा डोस ठरेल, कारण प्रत्येकाचा वेगळा असतो. मग कॉइल डावीकडे कपाळाच्या मागच्या भागावर सरकवतात, डिप्रेशनमध्ये हा भाग मंदावलेला असतो असं मानतात. परिणाम वरच्या दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच थेट पोचतो. टकटक आवाज मोठा असतो म्हणून कानात बोळे घालतात, पहिले काही दिवस डोकं दुखू शकतं, डोक्याच्या त्वचेला टोचल्यासारखं वाटतं. फिट येण्याची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी, पण आहे, म्हणून आधी कधी फिट आली असेल, दारू जास्त असेल, रात्र-रात्र झोप नसेल तर काहीही न लपवता सांगा.

गुण किती येतो? गोळ्यांनी न सुधारलेल्या पेशंटपैकी साधारण निम्म्यांना चांगला आराम पडतो, एक तृतीयांशाच्या आसपास लोक जवळजवळ पूर्ण बरे होतात. म्हणजे काहींना नाही पडत, हे मनाशी धरूनच सुरू करा. गोळ्या मनाने बंद करू नका. आणि ईसीटीला वाईट समजू नका हं, माणूस खात-पीत नसेल, भास होत असतील, जिवाचं बरंवाईट करायला निघाला असेल तर ईसीटीच जास्त आणि लवकर काम करते. सासूबाईंना पहिल्या सेशनला सोबत न्या, डोळ्यांनी बघितलं की निम्मी भीती जाते.

प्रश्न: एके ठिकाणी सेशन तीन मिनिटांचं आहे, दुसरीकडे चाळीस मिनिटांच्या आसपास. तीन मिनिटवाले फसवतायत का?

नाही. त्याला थीटा बर्स्ट म्हणतात, तीन-तीनच्या झुपक्यांनी एकूण 600 ठोके, तीन मिनिटांत संपतात. 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 414 पेशंटचा अभ्यास आला, त्यात हे तीन मिनिटांचं सेशन साडेसदतीस मिनिटांच्या जुन्या पद्धतीपेक्षा कमी पडलं नाही. घड्याळ बघू नका, कॉइलची जागा नीट मोजतात का आणि आधी मानसोपचारतज्ज्ञाने तपासलं का ते बघा.

प्रश्न: वडिलांना तीन वर्षांपूर्वी पॅरालिसिस झाला, उजवा हात अजून उचलत नाही. चुंबकाने येईल का?

दादा, मन दुखावेल पण खरं सांगते. पॅरालिसिसनंतर कधी कधी मेंदूची चांगली बाजू दुखऱ्या बाजूला दाबून ठेवते असं मानतात, म्हणून चांगल्या बाजूवर सेकंदाला एक अशा संथ ठोक्यांनी तिला थोडं शांत करायचं असा प्रयत्न असतो. हाताच्या बाबतीत याचा चांगला पुरावा आहे, पण तो झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतला. तीन वर्षांनंतर तेवढी खात्री कुणी देऊ नये. देत असेल तर तिथून उठा. करायचंच ठरलं तर सोबत रोजचा व्यायाम हवाच, नुसती कॉइल ठेवून हात उचलत नाही.

प्रश्न: दातात चांदी भरलीय, पायात रॉड आहे. चालेल?

बहुतेक वेळा चालतं. अडचण डोक्याजवळच्या धातूची, म्हणजे कानातलं कॉक्लियर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, मेंदूत बसवलेलं स्टिम्युलेटर. पेसमेकर असेल तर हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

प्रश्न: मुलगा हुशार आहे पण अभ्यासात लक्ष नाही, टीएमएसने एकाग्रता वाढते असं ऐकलं.

नका करू. वाढत्या मेंदूवर मार्कांसाठी हे करायला माझी साफ ना आहे, त्याला काही आधार नाही. त्याची झोप, डोळे, कान तपासा, आणि त्याला कसली काळजी लागलीय का ते विचारा.

प्रश्न: मी 29 वर्षांची, बहिणीकडे राहते. दहा सेशन्स झाली, रोज जायचं, रोज तेच, काहीच फरक नाही. बहीण रजा टाकून सोडायला येते त्याचंही ओझं वाटतं. थांबू का?

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दहा सेशन्स म्हणजे दोन आठवडे, आणि कोर्स असतो आठवड्यातून पाच दिवस असा चार ते सहा आठवड्यांचा. बऱ्याच जणांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुठे हलायला लागतं, आणि तेही आधी दुसऱ्यांना दिसतं, आंघोळ लवकर होते, फोन उचलला जातो, आपल्याला मात्र आतून तसंच वाटत असतं. म्हणून बहिणीला विचार, तिला काही वेगळं दिसतंय का. डॉक्टरांना सांग की अंगठ्याची चाचणी परत करा, जागा परत मोजा, हे मागायचा तुला हक्क आहे. झोपेची गोळी चालू असेल तर तेही विचार, काही गोळ्यांनी परिणाम कमी पडतो असं दिसलंय. पूर्ण कोर्सनंतरही नाहीच झालं तर कॉइल उजव्या बाजूला लावून बघता येते, दुसरी औषधं आहेत, ईसीटी आहे, त्यातलं काय करायचं ते तेव्हा बसून ठरवता येईल, आज नाही.

ओझ्याचं म्हणशील तर ती रजा तिने स्वतःहून टाकलीय. आणि रात्री तसले विचार आले तर सकाळच्या सेशनपर्यंत थांबू नकोस, तिला उठव.