स्टुडिओ बघायला गेलात की बुकिंगची वही मागा

तुमचा प्रश्न असा की बारावीनंतर मुलीला म्युझिक इंजिनिअरिंग करायचंय. दोन विद्यापीठांचे स्टुडिओ बघून आलात, एकाकडे चकचकीत 48 चॅनलचा कन्सोल (म्हणजे 48 आवाज वेगवेगळे घेऊन मिसळायचं टेबल), दुसऱ्याकडे जुनाट 16 चॅनलचा, फी सारखीच. कुठे घालावं? या धंद्यात वीस वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठ्या कन्सोलला मीही भुललो होतो. मी शिकलो तिथे (नाव नको) तो देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा जपायचे. सर खुर्चीत, आम्ही बारा जण मागे उभे, आणि अख्ख्या पहिल्या सेमिस्टरमध्ये फेडरला (आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीला) बोट लागलं नाही. खरं शिकलो ते शेजारच्या छोट्या स्टुडिओत. रात्री नऊनंतर दोघादोघांना चार तासांचा स्लॉट मिळायचा आणि अडलं तर विचारायला कुणी नसायचं.

एका रात्री तबला रेकॉर्ड करत होतो. जोडीवर दोन माइक. एकेक फेडर वर केला की झकास. दोन्ही एकदम वर केले की डग्ग्याचा घुमारा गायब, उरते ती चाटेची, म्हणजे तबल्याच्या काठाची, टकटक. माइक हलवले, स्टँड बदलले, तबलजीचे तीन चहा झाले. दीड तासानं कंटाळून एक केबल बदलली आणि डग्गा परत आला! त्या केबलच्या एका टोकाला दोन आणि तीन नंबरच्या पिनच्या तारा उलट जोडलेल्या होत्या. एका माइकचा सिग्नल वर जाई तेव्हा दुसऱ्याचा खाली, बेरीज जवळपास शून्य. आवाज दोन्ही माइककडे किंचित मागेपुढे पोचतो, पण खर्जाच्या लांब लाटेपुढे तो फरक नगण्य, म्हणून खर्ज मेला. वरच्या आवाजांच्या लाटा आखूड, त्यांना तोच फरक मोठा, ते वाचले. सकाळी तक्रार घेऊन गेलो तर सर हसले. ती केबल त्यांनीच सोल्डर करून ठेवली होती, दरवर्षी नव्या बॅचसाठी.

म्हणून सांगतो, चॅनल मोजू नका, पॅचबे बघा. भोकाभोकांची ती पट्टी, जिथून कुठलीही गोष्ट कुठेही जोडता येते. पॅचकॉर्ड वापरून झिजलेल्या असतील, पट्टीवर हातानं लिहिलेली लेबलं असतील, तर तिथे मुलं काम करतात. वरची ओळ खालच्या ओळीला आतून जोडलेली असते; वरच्या ओळीत कॉर्ड घातली तर ही मूळ जोडणी तशीच राहते, खालच्या ओळीत घातली तर तुटते (बहुतेक पॅचबे असेच असतात), हे पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाही. 48 व्होल्टचा फॅन्टम (माइकला केबलमधूनच दिली जाणारी वीज) चालू असताना पॅच केलं तर रिबन माइकमधली काही मायक्रॉन जाडीची धातूची पट्टी जाऊ शकते, हेही एकदा ओरडा खाल्ला की जन्मभर लक्षात राहतं.

तंत्र आणि संगीत दोन्ही शिकवायचं, हा विचार आजचा नाही. 1946 साली संगीतकार शोनबर्गनं शिकागो विद्यापीठाच्या कुलपतींना पत्र लिहून संगीत जाणणारे ध्वनितंत्रज्ञ तयार करा असं सुचवलं होतं. जर्मनीत डेटमोल्डला 1949 मध्ये तसं शिक्षण सुरू झालं, इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठात 1970 मध्ये. सरेला मुलं मधलं एक वर्ष बाहेर प्रत्यक्ष कामावर काढतात. तिथे गणित-भौतिकशास्त्राइतकंच संगीतही यावं लागतं, तेव्हा मुलगी पेटी किंवा गाणं शिकत असेल तर बारावीच्या नावाखाली बंद करू नका. (पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं कुणीतरी सुचवेलच. तो साउंडचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आणि सिनेमाचा आहे, हिशोब वेगळा.)

खोलीबद्दल थोडक्यात. लाइव्ह रूममध्ये (वादक बसून वाजवतात त्या खोलीत) मुलीला टाळी वाजवायला सांगा. टाळीमागून 'टर्रर्र' ऐकू आलं तर समोरासमोरच्या भिंती नागड्या आहेत. एसी चालू असतानाच ऐका, बंद करून दाखवतात.

मग बुकिंगची वही मागा. रात्रीचे आणि रविवारचे स्लॉट मुलांच्या नावावर आहेत का, की सगळी पानं बाहेरच्या भाड्याच्या कामांनी भरलीत? दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, गेल्या महिन्यात किती तास एकटा बसलास? माहितीपत्रकातला आकडा नको, त्याच्या तोंडचा हवा.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझा कल जुनाट 16 चॅनलकडे आहे. वही बघून आलात की इथेच लिहा, मग बोलू.