फॉरमॅट मारू नको, आधी कारण सांग

अरे, तुझा मेसेज वाचला. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातलं विंडोज ९८ चं मशीन दुकानात आलंय, चालू केलं की काळ्या स्क्रीनवर एरर देऊन एफ १ दाबा म्हणून थांबतं, तारीख १९८० ची दाखवतं, हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडत नाही आणि फ्लॉपीवरून आणलेल्या मराठी फायली तुझ्या लॅपटॉपवर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतात. तुझा मालक म्हणतो व्हायरस आहे, फॉरमॅट मार, अर्ध्या तासाचं काम. आणि खाली हळूच विचारलंयस, की ही खटारी शिकत बसू की पुण्याला जाऊन क्लाउडचा कोर्स करू.

पुण्याचं नंतर बघू. कारण कळल्याशिवाय फॉरमॅट मारायचं नाही. मालक कितीही ओरडू दे.

ती एरर पूर्ण वाचलीस का? नाही वाचलीस, कारण तुझ्या मेसेजमध्ये फक्त 'एरर' एवढंच आहे. त्यात कुठेतरी सीमॉस हा शब्द असणार बघ, म्हणजे मशीनची सेटिंगं लक्षात ठेवणारी छोटी मेमरी. मदरबोर्डवर एक गोल सेल असतो, सीआर २०३२, तो मेला की मशीन बंद असताना घड्याळ चालत नाही आणि बायोसची, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामची सेटिंगं उडतात. मग १९८० च का? डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची सिस्टम, विंडोज ९८ तिच्यावरच उभं आहे, आणि डॉसच्या तारखा १ जानेवारी १९८० पासूनच सुरू होतात, फायलीच्या नोंदीत वर्ष लिहितात ते १९८० मध्ये किती मिळवायचे एवढाच आकडा असतो, त्यामुळे त्याच्या मागे जायला जागाच नाही. आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर बहुतेक त्यामुळेच अडलंय, चालू वर्षाची खाती १९८० मध्ये बसतील कशी? झाला तुझा व्हायरस. सेल बदल, तारीख घाल, मग बोल.

आता मराठी. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा ठराविक नंबर देणारी पद्धत, येण्याआधी आपले फॉन्ट एक जुगाड होते. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर क, काना, रफार असे तुकडे बसवलेले, त्यामुळे फाइलमध्ये साठवलेलं इंग्रजीच असतं आणि तो ठराविक फॉन्ट मशीनवर असेल तरच ते मराठी दिसतं. फाइल अजिबात खराब नाहीये, तुझ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाहीये. सी ड्राइव्हमध्ये विंडोज फोल्डर, त्याच्या आत फॉन्ट्स, तिथून तो उचल. आता विचार कर, मालकाचं ऐकून फॉरमॅट मारला असतास तर हिशोब तर गेलाच असता, पण तो फॉन्टही गेला असता, आणि कारखान्यातल्या उरलेल्या फ्लॉप्या कायमच्या मुक्या झाल्या असत्या. म्हणून सांगतो रे मेल्या, कारण कळल्याशिवाय फॉरमॅट नाही.

आमच्या वेळी क्लासमधली पोरं म्हणायची सीओएन नावाचा फोल्डर बनत नाही, कॉम्प्युटरमध्ये भूत आहे. सरही हसून सोडून द्यायचे. सीओएन म्हणजे कन्सोल, कीबोर्ड आणि स्क्रीनचं राखून ठेवलेलं नाव. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच, १९८३ मध्ये डॉस २ आलं तेव्हा फोल्डर आले, पण जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीवच ठेवली. बाकी विंडोज ९५ आणि ९८ मध्ये एक भारी बग होता, मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटचा काउंटर ४९.७ दिवसांनी भरायचा आणि मशीन लटकायचं. आपल्याकडे तो कुणी बघितला असेल असं वाटत नाही, पावसाळ्यात इतके दिवस सलग लाइट कुठे राहते.

हसू नको, मुद्दा तोच आहे, भूत नसतं, कारण असतं.

एका वाचनालयाची पुस्तकांची अख्खी यादी अशाच फॉरमॅटमध्ये माझ्या डोळ्यांदेखत गेली. मी तेव्हा दुकानात नवा पोरगा होतो. जुन्या फॅट डिस्कवर, म्हणजे डॉसच्या पद्धतीने फायलींची नोंद ठेवणाऱ्या डिस्कवर, फाइल डिलीट केली तरी ती लगेच जात नाही, नावाचं पहिलं अक्षर बदलतं आणि ती जागा मोकळी अशी नोंद होते, म्हणून तर डॉसचा अनडिलीट ते पहिलं अक्षर आपल्यालाच विचारायचा. मी म्हटलं थांबा, अजून मिळेल. कोण ऐकतंय? फॉरमॅट झालेल्या डिस्कवर लगेच नवीन विंडोज टाकलं, मग खरंच काही उरलं नाही. वर्षानुवर्षं एका बाईंनी बसून टाइप केलेलं होतं ते. त्या काही बोलल्या नाहीत, पावती घेतली आणि गेल्या.

त्यानंतर माझं दुकान निघालं ते या हट्टावरच. लोक म्हणतात, म्हणून तर लहान राहिलं. शेजारचा दिवसाला पाच मशीन फॉरमॅट करून माडी बांधून बसला, मी एकाच मशीनवर दोन दिवस घालवून तेवढेच पैसे घ्यायचो. घरी पण हेच ऐकतो. म्हणू देत. खाऱ्या हवेने रॅमच्या पट्ट्या काळ्या पडून बीप मारणारी मशीनं लोक 'गेलं' म्हणून भंगारात घालायला निघालेले, मी ती खोडरबरने पुसून चालू केलीत, आणि त्यात कुणाच्या बागेचे हिशोब होते, कुणाच्या बापाची पत्रं. मला याचा पश्चात्ताप नाही, कुणी कितीही टोमणे मारले तरी नाही. मुंबईला जायचं राहिलं त्याचा आहे, थोडा. तुला ते सांगतोय कारण पुण्याला जा, खुशाल जा. क्लाउडवरही कुणीतरी म्हणेलच की सर्व्हर उडवून नवीन टाक, तेव्हा विचारशील ना का म्हणून? विचारणार नसशील तर इथेच राहा आणि मालकाबरोबर फॉरमॅट मारत बस.

ही डिस्क आधी काढ. जुनी डिस्क लॅपटॉपला जोडणारा आयडीई टू यूएसबी अ‍ॅडॉप्टर माझ्याकडे आहे, उद्याच्या एसटीने पाठवतो. त्यावर लावून सेक्टर टू सेक्टर इमेज घे, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल, नुसतं कॉपी पेस्ट नको, आणि लॅपटॉपने डिस्क फॉरमॅट करू का विचारलं तर कॅन्सल दाब. इमेज उघडून फायली दिसल्या की मगच डिस्क परत मशीनला लाव. तिथली चपटी केबल लावताना लाल कड एक नंबरच्या पिनकडे, आणि सेल बदलण्याआधी पॉवरची वायर काढ. मशीन शट डाउन केल्यावर केशरी अक्षरं येऊन तिथेच थांबलं तर हँग झालं म्हणून मालकाला बोलवू नको, जुना एटी पॉवर सप्लाय असेल तर तो सॉफ्टवेअरने बंद होत नाही, बटण हाताने दाब.

एररचा फोटो पाठव. पूर्ण स्क्रीनचा.