पाणी येण्याच्या दिवशी

लेकी,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू नव्या वर्षाच्या संकल्पांची यादी वाचून दाखवलीस. अकरा संकल्प. पहाटे पाचला उठणं, रोज चालणं, खर्च लिहिणं, फोन कमी पाहणं, सगळे पासवर्ड बदलणं, आणखी बरंच काही. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला, पण रात्री झोप लागेना. फोनवर सांगितलं असतं तर "हो मॅडम" म्हणून तू विषय संपवला असतास. म्हणून हे पत्र.

१ जानेवारीला काहीही सुरू करू नकोस. कॅलेंडर बदललं म्हणून घर बदलत नाही. त्या दिवशी तुझी खोली तीच, कामाची पाळी तीच, पाण्याचं वेळापत्रकही तेच. संक्रांतीच्या गड्डा यात्रेपर्यंतचे पंधरा दिवस नुसतं स्वतःकडे बघ. एक साधी वही घे. फोन कधी उचललास, कशासाठी उचललास आणि ठेवलास तेव्हा किती वाजले होते, एवढं लिही. पैसे कुठे गेले तेही लिही. स्वतःला रागावू नकोस आणि काही सुधारूही नकोस. आपल्या कारखान्यात नवा हिशेबनीस आला की आधी महिनाभर त्याला जुनी किर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, वाचायला बसवायचे, आठवतं ना? तसंच समज. आपली किर्द न वाचता खतावणी सुधारायला गेलं की जुन्या चुकांवर नव्या चढतात.

तू गावाकडून आलेली, म्हणून तुला हे शहर आधी विचित्र वाटलं होतं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं हे ऐकून तू माझ्याकडे बघतच राहिली होतीस. आता तुलाही सवय झाली. सोलापूरच्या बाईला वार विचारला तर क्षणभर आठवावा लागेल, पण पाण्याचा दिवस ती झोपेतसुद्धा सांगेल. रात्री दोनला पाणी सुटलं तरी घर उठतं. आळशी माणूस उठतो, आजारी माणूस उठतो. कुणी संकल्प केलेला नसतो, तरी उठतात. मी एवढी वर्षं या शहरात हेच पाहत आले आणि त्यातूनच मला सवय म्हणजे काय ते कळलं. जी गोष्ट घरात आधीच घडते आहे, तिच्या पाठीला दुसरी बांधायची. पाच दिवसांनी पाणी धरलं तर वर्षात ७३ वेळा तुला ही संधी मिळते. एखादी वेळ चुकली तर पुढची पाच दिवसांवर उभी असते. सोमवारची, एक तारखेची, पुढच्या वर्षाची वाट बघावी लागत नाही.

आता पिंपाबद्दल सांगते, आणि हे नीट वाच, कारण तुझ्या खोलीत मी काय पाहिलं ते मला आठवतंय. तुझी दोन पिंपं आहेत. पाणी आलं की तू दोन्हींत वरून भर घालतेस. खाली गेल्या खेपेचं पाणी तसंच राहतं, त्याच्याही खाली त्याआधीचं. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. गटारात नाही. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे पाण्याच्या दोन पाळ्या. तू पिंप कधीच पुरतं रिकामं करत नाहीस, म्हणजे त्याला हवी ती सवड आपणच देतो. वापरायला एकच पिंप घे, दुसरं झाकून ठेव. पहिलं संपलं की मगच दुसऱ्याला हात लाव. पाण्याच्या दिवशी जे रिकामं असेल ते आतून काथ्याने घासूनच भर. घासायचं विसरू नकोस, कारण ही अंडी पाण्यात तरंगत नाहीत, पाण्याच्या रेघेच्या वर पिंपाच्या भिंतीला चिकटतात आणि महिनोन्‌महिने कोरडी राहूनही जगतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तिथेच असतात. झाकण सैल असेल तर जुना टॉवेल टाकून वरून दोरी बांध. टॉवेलांच्या गावात तेवढा मिळेल. उन्हाळ्यात कूलर लावशील तेव्हा त्याच्या टाकीलाही हाच नियम.

हे मी इतक्या बारकाईने सांगते, कारण माझा धाकटा दीर डेंग्यूने नऊ दिवस दवाखान्यात होता आणि शेवटी अळ्या सापडल्या आमच्याच न्हाणीघरातल्या पिंपात. ते पिंप भरायचं काम माझ्याकडे होतं.

पिंप भरायला पाऊण तास तरी लागतो. तेवढ्या वेळात तू पाइप धरून फोनवर व्हिडिओ बघतेस. तोच पाऊण तास मला तुझ्याकडून हवाय. पाइप पिंपात सोड, बाजूला स्टूल घे आणि फोनमध्ये गेल्या पाच दिवसांचे पैसे कुठे गेले ते वहीत उतरव. पूर्वी पाकीट हलकं झालेलं हाताला कळायचं. आता स्कॅन केलं, टिंग वाजलं, झालं. वीस रुपयांचा चहा, ऐंशीचा वडापाव-पार्सल, रिक्षा, रिचार्ज, यातलं काहीच जाणवत नाही. रोजमेळ त्याच संध्याकाळी जुळवावा, असं आमचे जुने दिवाणजी सांगायचे. उशीर झाला की दोन रुपयांचा फरकही सापडत नाही. तुला रोज जमणार नाही हे मला ठाऊक आहे. पाण्याच्या दिवशी जमेल. महिन्यातून एकदा यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडून बघ. कधीतरी फुकट म्हणून सुरू केलेलं काहीतरी तिथे दर महिन्याला पैसे खात बसलेलं असतं. आणि फोनवर दोन मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स कितीही गोड बोलली तरी एक रुपया घेऊ नकोस. त्यातली बरीच तुझ्या फोनमधले सगळे नंबर मागतात, आणि वसुलीच्या वेळी त्याच नंबरांवर फोन जातात. अडचण आली तर मला सांग. लाज वाटली तरी सांग.

लाजेवरून मला माझीच गोष्ट सांगायला हवी. कारखान्यात कुणाला सांगितलेली नाही.

सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, तेव्हाची. त्यांची हवेची गादी विजेवर चालायची. एका संध्याकाळी मेसेज आला, की मागचं वीजबिल भरलेलं दिसत नाही, रात्री साडेनऊला पुरवठा तोडणार, या नंबरवर संपर्क करा. बिल मी भरलेलं होतं. पावती कपाटात होती. पण गादी बंद पडेल या भीतीने मी कपाट उघडलं नाही, फोन उघडला. पलीकडचा माणूस अगदी अदबीने बोलत होता. त्याने एक ॲप घ्यायला लावलं, दहा रुपये भरायला सांगितले. त्या ॲपमधून त्याला माझी स्क्रीन दिसत होती. दहा मिनिटांत तेवीस हजार चारशे रुपये गेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले मी. म्हणून तोंड उघडवेना. रात्रभर कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेत गेले, तोवर ते पैसे पुढे दुसऱ्या खात्यांत जाऊन काढूनही झाले होते. पैसे गेल्याचं दुःख ओसरलं. ती एक रात्र गप्प बसले याचं अजून नाही.

सायबर फसवणुकीसाठी सरकारचा हेल्पलाइन नंबर आहे १९३०. लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते. इथे मिनिटांचा प्रश्न असतो. आणि सोलापूरच्या माणसाला हा आकडा वेगळा पाठ करायला नको. मे १९३० मध्ये या शहरावर इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. त्यातच पकडलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. रोज तू त्यांच्या पुतळ्यांवरून रिक्षाने जातेस. तिथून जाताना तो आकडा मनात म्हण. एकदा नीट म्हटलास की विसरणार नाहीस. आणि आईलाही शिकव.

आईच्या फोनचं काम मात्र पाण्याच्या दिवसावर ढकलू नकोस. संक्रांतीला गावी जाशील तेव्हा तिच्याशेजारी बसून कर. तिला एवढंच सांग, की पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो द्यायला लागतो. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत, 'डिजिटल अरेस्ट' असलं काही कायद्यात नाही. लग्नाची पत्रिका म्हणून फाइल आली आणि फोन ती 'इन्स्टॉल' करू का विचारायला लागला, तर ती पत्रिका नाही. आणि तुम्ही घरच्यांनी मिळून एक शब्द ठरवा. तुझ्या आवाजात कुणी रडत पैसे मागितले तर आईने आधी तो शब्द विचारायचा. आजकाल आवाजाची नक्कल होते. शब्द गावाकडचाच असू दे, एखाद्या म्हशीचं नाव, एखाद्या शेताचं नाव. तो फोनवर कुठेही लिहायचा नाही.

तुझे पासवर्ड. सगळीकडे एकच आहे, आणि तो तुझ्या भावाचं नाव व जन्मसाल आहे, हे मला न विचारता कळलं, म्हणजे इतरांनाही कळेल. यादीत 'सगळे बदलणे' लिहिलंस, म्हणून एकही बदलला जाणार नाही. आधी फक्त ईमेलचा बदल. बाकी सगळ्यांची चावी तिथून निघते, पासवर्ड विसरलं की लिंक तिथेच येते. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घे, हुरडा, जिना, मंगळवार, कात्री असे काहीतरी, आणि इंग्रजी अक्षरांत सलग लिही. हेच नको, मी लिहिले म्हणजे ते वापरून झाले. मग टू-स्टेप पडताळणी चालू कर. पुढच्या पाण्याला बँकेचा, त्याच्या पुढच्याला व्हॉट्सॲपचा पिन. घाई नाही.

पण एक घाई आहे. तू झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्ड व्हॉट्सॲपवर पाठवतेस आणि प्रिंट घेऊन निघून येतेस. तुझं कार्ड त्या दुकानदाराच्या फोनमध्ये राहतं. तो भला माणूस असेल, त्याचा फोन उद्या दुसऱ्याच्या हातात जाईल. ज्याने मागितलंय त्याला चालत असेल तिथे मास्क केलेलं आधार दे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रिंट झाली की समोरच डिलीट करायला सांग. मागायला संकोच वाटतो, पण दोनदा मागितलं की वाटत नाही. कधी त्याच्या संगणकावर तुझं व्हॉट्सॲप उघडलं असशील तर आजच 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून बघ. आणि सरकारच्या 'संचार साथी' साइटवर तुझ्या नावावर किती सिम आहेत ते एकदा पाहून घे.

गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली असतील तर बदलून घे. गळतीचा वास आला तर बटणाला हात न लावता खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर यायचं आणि १९०६ ला फोन करायचा.

पहाटे पाचला उठण्याचं मात्र यादीतून काढ. तुझी पाळी रात्री दहाला सुटते, तू पाचला उठून काय करणार आहेस? झोप पुरी घे. एवढंच कर, की फोन उशाशी नको, स्वयंपाकाच्या ओट्यावर चार्जिंगला लाव. पाणी सुटण्याच्या गजरासाठी नव्या पेठेतून दीडशे-दोनशेचं घड्याळ आण. चालण्याचं ठेव. सिद्धेश्वर तलावाच्या काठी जानेवारीत सकाळची हवा फार चांगली असते, मार्चनंतर आपल्या शहरात चालणं नको होतं.

गड्ड्याच्या आधी संध्याकाळी तरुण मुलं नंदीध्वज पेलण्याचा सराव करतात, तो तुला दाखवायचाय. एवढी उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यात धरून चालायचं म्हणजे काय ते यात्रेच्या दिवशी गर्दीत दिसत नाही, सरावात दिसतं. थोडं चालतात, टेकवतात, दुसरा घेतो. कुणी कुणाला घाई करत नाही. माझे वडील मला तिथे न्यायचे.

यात्रेत सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा असतो, त्याला संमती कट्ट्याजवळ बरोबर जाऊ. गर्दीत फोन आतल्या खिशात ठेव. भोगीला माझ्याकडे जेवायला ये, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी आणि भोगीची भाजी करणार आहे. वही घेऊन ये. मी ती वाचणार नाही, तूच मला वाचून दाखव, आणि त्यातली एकच गोष्ट निवड. त्या दिवशी तुमच्याकडे पाणी यायचं असेल तर आधी पिंप घासून भर आणि मग नीघ. उशीर झाला तरी चालेल, मी ताटं वाढून ठेवणार नाही.

तुझी,
मॅडम