चिनी तत्त्वज्ञानाच्या कॉन्फरन्सला जावं का? जा, पण एकच परिच्छेद घेऊन जा

प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: पुण्यातून फिलॉसॉफीत एम.ए. झालंय, पीएच.डी.साठी ‘ताओ आणि ब्रह्म’ डोक्यात आहे, चिनी येत नाही, आणि अशा कॉन्फरन्सना जाऊन खरंच काही हाती लागतं का, की नुसता तिकिटाचा खर्च.

हाती लागतं. पण पेपर वाचून नाही, हे आधीच सांगतो. वीस मिनिटं तुम्ही बोलणार, त्यातली पाच प्रोजेक्टर लावण्यात जाणार, अध्यक्ष चिठ्ठी सरकवणार की दोनच मिनिटं उरलीत, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्मे स्वतःच्या स्लाइड्स दुरुस्त करत असणार. खरी गंमत नंतरच्या दहा मिनिटांत असते, आणि त्याहून जास्त चहाच्या टेबलावर.

माझी पहिली कॉन्फरन्स सांगतो म्हणजे कळेल. विषय जवळजवळ तुमचाच होता. छान जमलाय असं मला वाटत होतं. मागच्या रांगेतल्या एका वयस्कर चिनी बाईंनी हात वर केला आणि अगदी नम्रपणे विचारलं, तुमचा ताओ कुठल्या प्रतीतला? वांग पीच्या की मावांगत्वेच्या? मी इंग्रजी भाषांतर वाचून गेलो होतो, प्रती वेगवेगळ्या असतात हेच माहीत नव्हतं, तर काय बोलणार. ‘ताओ ते चिंग’ हा लाओत्सच्या नावावरचा ताओपंथाचा मूळ ग्रंथ, त्याला नुसतं ‘लाओत्स’ही म्हणतात. वांग पी हा त्याचा तिसऱ्या शतकातला भाष्यकार, आज आपण वाचतो तो पाठ बहुतेक त्याच्या परंपरेतला. मावांगत्वेच्या थडग्यात १९७३ साली रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती सापडल्या, त्यांत ‘ते’चा (म्हणजे सद्गुणाचा) भाग आधी येतो आणि ‘ताओ’चा नंतर. म्हणजे ग्रंथाचं नावसुद्धा उलटं लागतं, आणि मी निघालो होतो त्याची ब्रह्माशी तुलना करायला!

हा प्रश्न किती खोल जातो याचं उदाहरण क्वोत्येनचं. हूपेय प्रांतात १९९३ साली एका थडग्यात बांबूच्या पट्ट्या मिळाल्या, थडगं साधारण इ.स.पू. ३००च्या सुमाराचं, पट्ट्या शेकड्यांनी, आणि त्या बांधायची दोरी कुजून गेलेली. म्हणजे पत्त्यांचा कॅट विस्कटावा तसा ग्रंथ, कुठली पट्टी कुणानंतर हे अभ्यासकांनी ठरवायचं. त्यात लाओत्सचा काही भाग निघाला. मे १९९८ मध्ये पट्ट्यांचे फोटो आणि वाचन पुस्तकरूपात आलं आणि त्याच महिन्यात अमेरिकेत डार्टमथ कॉलेजला त्यावर कॉन्फरन्स झाली, चीनमधले लिपितज्ज्ञ आणि पाश्चात्त्य अभ्यासक एकत्र बसून. आता एकोणिसावा अध्याय घ्या. आपल्याला माहीत असलेल्या पाठात स्पष्ट म्हटलंय की ‘रन’ सोडा, ‘यी’ टाकून द्या, म्हणजे माणुसकी आणि कर्तव्यबुद्धी, दोन्ही कन्फ्यूशियसच्या घरचे शब्द. त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं की लाओत्स कन्फ्यूशियसच्या विरोधात. क्वोत्येनच्या पट्टीवर त्या वाक्यात ‘रन’ आणि ‘यी’ नाहीतच! तिथे दुसरीच अक्षरं आहेत, ती नक्की कुठली यावर वाद, कुणी ‘कपट’ वाचतं कुणी ‘विचार’. एका अक्षरावर दोन संप्रदायांच्या भांडणाचा अख्खा इतिहास हलतो, आणि हे घरी पीडीएफ उघडून तितकंसं जाणवत नाही, ते भांडणारी माणसं समोर बघितल्यावर जाणवतं.

बरं, ही हौस आजची नाही. ११७५ साली ल्यू त्सूच्येन नावाच्या पंडिताने चु शी आणि लू च्यूयुआन या दोन कन्फ्यूशियसपंथी विचारवंतांना हंससरोवराच्या मठात समोरासमोर बसवलं, हेतू समेटाचा. चु शीचं म्हणणं, आधी ग्रंथ वाचा, एकेका गोष्टीचा छडा लावा. लू म्हणायचा मन आधी जागं करा. लूने कविता म्हणून दाखवली, त्यात चु शीच्या पद्धतीला ‘तुकड्यातुकड्यांचा उद्योग’ असा टोला होता, ते ऐकून चु शीचा चेहरा उतरला म्हणतात. लूला आणखी विचारायचं होतं की याओ-शुन या प्राचीन आदर्श राजांच्या आधी वाचायला पुस्तकं कुठली होती, पण मोठ्या भावाने आवरलं. (असा एक भाऊ प्रत्येक पॅनेलवर हवा.) समेट काही झाला नाही. पण पुढे ११८१ मध्ये चु शीनेच लूला आपल्या श्वेतमृग विद्यापीठात व्याख्यानाला बोलावलं. विषय कन्फ्यूशियसचं एक वाक्य, सज्जनाला ‘यी’ कळते, क्षुद्राला फायदा कळतो. लू म्हणाला, तुम्ही संतांचे ग्रंथ रात्रंदिवस वाचता, पण डोळा परीक्षेवर आणि पगाराच्या हुद्द्यावर. ऐकणाऱ्यांतल्या काहींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चु शीने ते व्याख्यान दगडावर कोरून घेतलं. बढतीचे पॉइंट मोजत सर्टिफिकेटसाठी कॉन्फरन्स गाठणाऱ्या आपल्या मंडळींनी हे जरूर वाचावं, मीही त्यातलाच होतो.

आता तुमच्या विषयाकडे येतो. ताओला संस्कृतात काय म्हणायचं हे भांडण एकदा होऊन गेलंय, आणि आपल्या ओळखीच्या माणसाने केलंय! कामरूपच्या (आजच्या आसामातल्या) राजाने लाओत्सचं भाषांतर मागितलं, थांग सम्राटाने ६४७ साली ह्युएन त्संगला ते काम दिलं, सोबत ताओपंथी पंडित. ते म्हणाले ताओ म्हणजे ‘बोधी’, बौद्ध ग्रंथांच्या जुन्या भाषांतरकारांनी बोधीसाठी ताओ हाच शब्द वापरलाय की. ह्युएन त्संग अडून बसला: बोधी म्हणजे जाग येणं, ताओ म्हणजे वाट, तेव्हा ‘मार्ग’च लिहायचं. त्या भाषांतराची प्रत आज कुठेच नाही. पण बघा, दोन्ही बाजूंपैकी कुणीही ‘ब्रह्म’ सुचवलं नाही. मी तुमच्या जागी असतो तर पीएच.डी. ह्या भांडणावरच केली असती, ‘मार्ग’ की ‘बोधी’, यात तुमचं संस्कृतही कामी येतं.

कुठे जायचं? वर्ल्ड काँग्रेस ऑफ फिलॉसॉफीने सुरुवात करू नका. २०१८ ची बीजिंगला झाली, उद्घाटन ग्रेट हॉल ऑफ द पीपलमध्ये, विषय ‘माणूस व्हायला शिकणं’, हजारो माणसं, अशा जत्रेत नवखा हरवतो. इंटरनॅशनल सोसायटी फॉर चायनीज फिलॉसॉफी बरी, १९७५ साली छंग चुंगयिंग यांनी काढलेली, तिथे जाणकार भेटतात. हवाईची ईस्ट-वेस्ट फिलॉसॉफर्स कॉन्फरन्स १९३९ पासूनची, नाव मोठं, खर्चही मोठा. आपल्याकडे दिल्लीची इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीज ऑल इंडिया कॉन्फरन्स भरवते, तिथे राजकारण-अर्थकारण जास्त असतं, पण चिनी वाचणारे लोक एका छताखाली मिळतात, आणि तुम्हाला आत्ता तेच हवेत. ‘डिअर एमिनंट प्रोफेसर’ अशा मेलवर मात्र फी भरू नका, मी एकदा भरली, हॉटेलच्या हॉलमध्ये माझ्या पॅनेलवर एक दंतवैद्य आणि एक सिमेंटवाले होते.

आणि चिनी येत नाही हे कारण चालणार नाही. बोलायला नाही शिकलात तरी चालेल, पण अभिजात चिनी वाचायला दोन वर्षं द्या. पुण्यालाच पु. वि. बापटांनी पाली समन्तपासादिकेचं (भिक्षूंच्या नियमांवरच्या टीकेचं) चिनी रूप जपानी अभ्यासक हिराकावांच्या सोबतीने इंग्रजीत आणलं, १९७० साली भांडारकरने छापलं, लायब्ररीत जाऊन बघा एकदा, तळटीपांत पाली आणि चिनी कशी शेजारी बसतात ते.

जाताना एकोणिसाव्या अध्यायाच्या तिन्ही प्रती एका पानावर छापून न्या, पंधरा कॉपी, बाकी स्लाइड्स राहू द्या. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट तीनशे शब्दांत बसला की इथेच टाका, शीर्षकात ब्रह्म नसेल तर लवकर वाचेन.