स्टीलच्या फिल्टरमधून पाणी फार हळू ठिबकतंय, कँडल बदलायची वेळ झाली का?

लगेच बदलू नका, आधी ती घासून बघा. कँडल सच्छिद्र सिरॅमिकची असते आणि तिची छिद्रं साधारण एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक असतात. गाळ आणि बहुतेक जीवाणू बाहेरच अडकतात. हाच गाळ साचून पावसाळ्यात वरच्या भांड्यातलं पाणी तासन्‌तास उतरत नाही.

हात स्वच्छ धुऊन कँडल काढा. वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने हलकेच घासा, तपकिरी थर निघून पांढरा भाग दिसला की पुरे. साबण किंवा भांड्यांची पावडर अजिबात नको, ती छिद्रांत शिरते आणि मग पाण्याला वास येतो. खालच्या नळीला घाण पाणी लागू देऊ नका, कारण ती बाजू गाळलेल्या पाण्याची आहे. बसवताना वॉशर जुना होऊन ताठर किंवा सैल झालाय का ते पाहा. अशा वॉशरच्या कडेने न गाळलेलं पाणी सरळ खाली जातं, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

माझ्या मते खरी काळजी उलट वेळी करावी: पाणी अचानक भराभर यायला लागलं तर. तेव्हा कँडलला केसाएवढी चीर असू शकते. ती लगेच फेका. घासून घासून बारीक झालेलीही बदला.

एक मात्र लक्षात ठेवा, कँडल विषाणू खात्रीने अडवत नाही आणि पाण्यात विरघळलेले क्षार, फ्लोराइड तर मुळीच नाही. गावात कावीळ किंवा गॅस्ट्रोची साथ असेल तर गाळलेलं पाणीही उकळूनच प्या.