वयांची बेरीज ८८

प्रश्न : मी ४२ची, हे ४६चे. तान्हं बाळ दत्तक हवंय. रांग मोठी असते म्हणतात. सासूबाईंच्या ओळखीची नर्स परस्पर बाळ मिळवून देते म्हणतेय. घ्यावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, त्या नर्सचा फोनसुद्धा उचलू नका. परस्पर मूल देणं-घेणं गुन्हा आहे. आता वयाचं. २०२२च्या दत्तक नियमांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज फार तर ८५ चालते, दोन ते चारच्या मुलासाठी ९०. तुमची बेरीज ८८, म्हणजे तान्हं बाळ नाही, पण दोन ते चारचं मूल मिळू शकतं. ही बेरीज दरवर्षी दोनने वाढते, तेव्हा ‘कारा’च्या (दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) पोर्टलवर लगेच नोंदणी करा. गृहभेटीला समाजसेविका येईल. तिच्यासाठी पडदे बदलू नका, ती पगार, आजारपणं आणि सासूबाईंचं मतही विचारेल. मुलाची माहिती आली की ४८ तासांत होकार द्यावा लागतो, म्हणून सासूबाईंशी आत्ताच बोलून घ्या.