बाबा रात्री खोकले की मी घामानं भिजते

पत्र:

माई, मी 43 वर्षांची, डिचोली तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. संध्याकाळी तावेर्नमधून आले की आईला मारायचे, मध्ये पडलं की आम्हालाही. शिव्या तर रोजच्याच. मी आणि भाऊ पुष्कळदा शेजारच्या आंटीकडे झोपायला जायचो. 36 व्या वर्षी मला बीपी निघालं. मग थायरॉइड, अर्धशिशी, अ‍ॅसिडिटी. गेल्या वर्षी छातीत धडधडतं म्हणून ईसीजी, टूडी एको केलं, रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका.

आई आता नाही. बाबांना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हापासून ते माझ्याकडे आहेत. दारू सुटली, बोलणंही जवळजवळ बंद. पण रात्री ते खोकले किंवा काठी आपटली की मी दचकून उठते, अंग घामानं भिजतं, मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. एका व्हिडिओत पाहिलं, लहानपणी असं सोसलेली माणसं हृदयविकारानं वीस वर्षं आधी जातात. खरं का हे? भाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो जुनं उगाळू नकोस. नवरा चांगला आहे, पण त्यालाही सगळं सांगितलेलं नाही. माझी मुलगी 13 वर्षांची आहे. हे तिच्यात उतरेल का? आणि बाबांना माफ केलं तर मी बरी होईन का?

उत्तर:

बाय, लहानपणी घरात सतत भीती असेल तर त्याची झळ मोठेपणी शरीराला लागते, हे खरं आहे. तुझं बीपी, अर्धशिशी, रात्रीची धडधड यातलं काहीही तू मनानं रचलेलं नाहीस. त्या व्हिडिओतलं बाकीचं मात्र तुला सुटं करून सांगायला हवं, कारण त्यात खऱ्याबरोबर नुसतं घाबरवणारंही मिसळलेलं आहे.

1980 च्या दशकात अमेरिकेत सॅन दिएगोला व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर लठ्ठपणावर उपचार करायचे. ज्यांचं वजन छान उतरत होतं तेच पेशंट उपचार अर्धवट सोडून जायचे. असं का, म्हणून ते त्यांच्याशी बोलायला बसले, तेव्हा कळलं की त्यातल्या पुष्कळांवर लहानपणी अत्याचार झाले होते आणि खाणं हाच त्यांचा आधार होता. पुढे रॉबर्ट अँडा या संशोधकासोबत त्यांनी 1995 ते 1997 या काळात 17,000 हून अधिक प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं. मार, घालूनपाडून बोलणं, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण, घरातली दारू किंवा नशा, कुणाचा मानसिक आजार, कुणी तुरुंगात असणं, असे प्रकार त्यात होते. पहिल्या टप्प्यातल्या उत्तरांवर 1998 साली निबंध प्रसिद्ध झाला. चार किंवा जास्त प्रकार ज्यांच्या वाट्याला आले त्यांच्यात हृदयविकार, काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत, दुपटीहून थोडा जास्त आढळला. फुप्फुसांचे जुनाट आजार जवळजवळ चौपट. पक्षाघात आणि मधुमेहही जास्त होते. ही माणसं गरीब वस्तीतली नव्हती. आरोग्यविमा असलेली, बरीचशी कॉलेजात शिकलेली होती. निम्म्याहून अधिक जणांनी निदान एक प्रकार तरी सोसला होता.

तू लिहिलेल्यात चार प्रकार आहेत. तो व्हिडिओ पाहून तूही ते मोजले असणार, आणि घाबरली असणार.

पण हा आकडा म्हणजे पत्रिका नव्हे. तो मोठ्या समूहाबद्दल सांगतो. एका माणसाचं भविष्य त्यावरून सांगू नये, असं खुद्द अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली लिहिलं आहे. आणि ती वीस वर्षं? ती 2009 च्या एका अभ्यासातली. सहा किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांबद्दलची, आणि त्यातही पाहणीच्या काळात जे वारले त्यांच्याच वयांची सरासरी. जे जिवंत होते ते त्या सरासरीत धरलेलेच नाहीत. तुझं आयुष्य वीस वर्षांनी कमी झालं, असा अर्थ त्यातून कुणीही काढू शकत नाही. व्हिडिओ करणाऱ्यानं एवढं तरी सांगायला हवं होतं, आणि त्यानं ते गाळलं याचा मला मनापासून राग आला.

आता शरीरात काय घडतं ते ऐक. संध्याकाळी बाबांच्या पावलांचा आवाज आला की तुझ्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून निरोप निघायचा. तो पिट्युटरी ग्रंथीमार्फत मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचून कॉर्टिसॉल सुटायचं, आणि नसांच्या जवळच्या वाटेनं अ‍ॅड्रिनॅलिन त्याच्याही आधी. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, साखर रक्तात येते, पचन मंदावतं. त्या घटकेला हे सगळं हवंच असतं. भावाचा हात धरून आंटीच्या दारापर्यंत धावायचं बळ त्यातूनच आलं. प्रश्न येतो तो हे रोज आणि वर्षानुवर्षं घडलं की, तेही अंग वाढीला लागलेलं असताना. मग ही यंत्रणा लवकर चढते आणि उशिरा उतरते. रक्तवाहिन्या, साखरेचा तोल, झोप, आतडी, सगळ्यांवर ताण साचत जातो. ब्रूस मॅक्‌एवन या शास्त्रज्ञानं 1993 मध्ये या साचलेल्या ओझ्याची मांडणी केली. न्यूझीलंडमध्ये डनेडिन गावी 1972-73 साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. लहानपणी छळ झालेल्यांच्या रक्तात 32 व्या वर्षी दाह, म्हणजे शरीरातली आतली सूज, दाखवणारी द्रव्यं जास्त होती, असं त्यात दिसलं. असा दाह वर्षानुवर्षं राहिला तर रक्तवाहिन्यांचं नुकसान होतं. तंबाखू, दारू, अतिखाणं, जागरण या वाटांनीही नुकसान होतंच, पण त्या सवयी वजा करूनही थोडा धोका उरतो, असं बऱ्याच अभ्यासांत आढळलं.

तेव्हा खोकल्यासरशी तू दचकतेस यात वेडेपणा नाही. काठीशिवाय पाऊलही टाकता न येणारा म्हातारा खोकतोय हे तुला कळतं. तुझ्या शरीराला अजून ट्रक चालवणारा तो माणूसच ऐकू येतो.

असं असलं तरी सगळं बालपणावर टाकून मोकळी होऊ नकोस. 43 व्या वर्षी रात्रीच्या घामाला आणि धडधडीला आणखी दोन साधी कारणं असू शकतात. एक, पाळी जायच्या आधीचे बदल. दुसरं, थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त होणं. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घे आणि पाळीबद्दल डॉक्टरांना आपणहून सांग. बीपीची गोळी मनानं बंद करू नकोस. बीपी कशानंही वाढलेलं असो, गोळी काम करते. घरी बीपीचं मशीन ठेव, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून मोज आणि वहीत लिही. छातीत दडपलं, दम लागला, जबडा किंवा हात दुखला तर ‘टेन्शन असेल’ म्हणून थांबू नकोस, तडक हॉस्पिटल गाठ. मागच्या वर्षीचा नॉर्मल ईसीजी आजची खात्री देत नाही. बायका अशा वेळी उशिरा निघतात, आधी घरचं आवरतात. तू तसं करायचं नाहीस.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे तीन वाक्यांत सांग: “लहानपणी घरात दारू आणि मारहाण होती. ते बाबा आता माझ्या घरी आहेत. रात्री त्यांच्या आवाजानं मी दचकून उठते, छाती धडधडते.” एवढं ऐकलं की चांगला डॉक्टर झोपेबद्दल विचारतो आणि समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. ऐकून घेतलंच नाही तर दुसरा डॉक्टर बघ. जुन्या धक्क्यांसाठी खास उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 च्या मार्गदर्शनात अशा आघातावर बेतलेली सीबीटी (बोलून विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायची पद्धत) आणि ईएमडीआर (जुनी आठवण मनात आणून डोळे डावी-उजवीकडे फिरवत तिची धार कमी करायची पद्धत), या दोहोंची शिफारस केली. ‘बोलून काय होणार’ असं तुला वाटत असेल तर आपल्या गोव्यातलंच सांगते. 1996 पासून इथे काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकरवी नैराश्यावर थोड्याच बैठकांचा उपचार करून पाहिला. लोकांना खरंच बरं वाटलं, आणि तो अभ्यास 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. तुझ्यासाठी बांबोळीचं मानसोपचार इस्पितळ आहे. तिथे जाताना कुणी बघेल म्हणून संकोच वाटला तर आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर घरूनच बोल. पैसे पडत नाहीत.

आता बाबा. एवढ्या लांब पत्रात तू त्यांच्याविषयी रागाचा एकही शब्द लिहिला नाहीस. माफीचं मात्र विचारलंस. बाय, माफी हे औषध नाही, आणि ती दिल्याशिवाय बरं होता येत नाही असंही नाही. पुढेमागे आतून वाटलं तर दे, नाही वाटलं तर त्यात तुझं काही उणं नाही. त्यांना औषध-जेवण वेळेवर मिळतं, अंग स्वच्छ राहतं, एवढं तू करतेस. ते पुरेसं आहे. त्यावर प्रेमही आण, असं तुला कुणी सांगू नये.

एक गोष्ट मात्र मी ठाम सांगते: रात्री बाबांकडे तू बघायचं नाही. त्यांची खोली तुझ्या खोलीपासून जितकी लांब नेता येईल तितकी ने. त्यांच्या हाताशी बेल ठेव आणि ती वाजली की नवरा उठेल असं ठरव. रोज त्याला जमणार नाही, म्हणून रात्रीपुरती बाई किंवा माणूस ठेव आणि त्याचा खर्च भावाकडून माग. मुलीनं बापाला परक्याच्या हाती दिलं असं वाड्यावर कुणी म्हणेल, म्हणू दे. तुझी झोप हा तुझ्या बीपीच्या उपचाराचाच भाग आहे. नवऱ्याला मात्र त्यासाठी कारण कळायला हवं. सगळं एका रात्रीत सांगायची गरज नाही. डॉक्टरांसाठीची ती तीन वाक्यं आधी त्यालाच सांग.

मुलीची काळजी तू सगळ्यात शेवटी लिहिलीस, पण पत्राच्या ओळीओळीत तीच आहे. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर या बाईंनी चाळिशीपर्यंत पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांची दारू वा आजार अशा अडचणींत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं धड, कर्तबगार, माया करणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं: आजी, शेजारी, शिक्षक. तुझी आंटी तशीच होती. ती हयात असेल तर तिला जाऊन भेट, तिनं काय केलं ते तिला सांग. आणि तुझ्या मुलीला तर भरवशाचं माणूस घरातच आहे. तिच्या घरी कुणी कुणावर हात उगारत नाही, संध्याकाळ झाली म्हणून ती कुठे लपत नाही. तुला जे सोसावं लागलं ते तिला सोसावं लागलेलं नाही, म्हणजे तुझ्या आजारांचं हे एक मोठं कारण तिच्या वाट्याला आलेलंच नाही. बीपीचा अनुवंश असतो, तेवढं मोठेपणी तिला तपासत राहावं लागेल. मात्र तू रात्री उठून बसतेस हे तिला दिसतं, आणि मुलं अशा वेळी आपलंच काही चुकलं असं धरून बसतात. तेव्हा तिला सांग: आजोबा पूर्वी खूप दारू प्यायचे, घरात भीती असायची, त्यामुळे मला अजून नीट झोप लागत नाही आणि मी त्यावर उपचार घेतेय. मारहाणीचे तपशील आत्ता नकोत. तिनं पुढे विचारलं तर खरं सांग, टाळू नकोस.

भावाशी ‘जुनं उगाळू नकोस’ यावरून वाद घालू नकोस. त्यानं न बोलता दिवस काढले, तो त्याचा मार्ग. रात्रीच्या माणसाच्या पगाराचं बोलायला फोन करशील तेव्हा त्यालाही बीपी आणि साखर तपासून घ्यायला सांग. तोही त्याच घरात वाढला आहे.

– तुझी माई